पायलट ‘नाही’ म्हणतो तेव्हा

ड्रोनने फोटो-व्हिडिओ काढून घेणाऱ्यांनी आणि काढणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण निम्म्या पत्रांत उरलेल्या निम्म्यांबद्दलच तक्रार आहे. मी कराडची. घरचा फोटो स्टुडिओ, त्यामुळे लग्नं फ्रॉक घालायच्या वयापासून पाहत आले. ड्रोन नंतर हातात आला. रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, नोकरी कुणाची करत नाही. उत्तरं देताना कुणाची बाजू घ्यायची नाही असं ठरवून बसले होते. ते फार वेळ टिकलं नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नात फोटोग्राफरव्यतिरिक्त ड्रोनचे वेगळे पंधरा हजार ठरवले होते. कोल्हापूरजवळच्या कार्यालयात लग्न होतं. त्या मुलाने सकाळी हळदीला उडवला, अक्षतांच्या वेळी बराच लांबून उडवला आणि वरातीत फटाके सुरू होताच खाली उतरवून पेटीत घातला. आम्ही सगळ्यांनी सांगूनही परत काढला नाही. एकूण चित्रण चाळीस मिनिटांचं. आता पूर्ण पैसे मागतोय. द्यावेत का? — वधूपिता, इचलकरंजी

काका, द्या. आणि त्या पोराचा नंबर जपून ठेवा, धाकटीच्या लग्नाला उपयोगी पडेल.

स्काय शॉट जिथे फुटतो, नेमकं तिथेच वरातीचा ‘टॉप अँगल’ घ्यायला ड्रोन उभा असतो. खाली नाचणारी माणसं, बेंजोवाले, कडेवरची पोरं. लग्नात वापरतात ते ड्रोन बहुतेक अर्ध्या ते एक किलोचे. चार पंख्यांपैकी एक जरी तुटला तरी तो गिरक्या खात सरळ खाली येतो, आणि येताना उरलेले पंखे फिरतच असतात. त्यात घोडी. तिला डोक्यावरची ती घूं-घूं अजिबात सोसत नाही. नवरदेव पडायचा राहिला, असे प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतात. आणि डीजेच्या गाडीवरचा लेझर. त्याची तिरीप सरळ कॅमेऱ्यात शिरली की सेन्सरवर कायमचे ठिपके नाहीतर रेघा उमटतात. मग पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या व्हिडिओत तुमच्या वरातीची आठवण.

अक्षतांच्या वेळी तो लांब राहिला, तेही बरोबर केलं. मंगलाष्टका चालू असताना नवरानवरीच्या डोक्यावर ड्रोन आणला की गुरुजींचा आवाज व्हिडिओतही येत नाही आणि मांडवातही. पंख्यांच्या वाऱ्याने अंतरपाट उडतो, तो भाग वेगळाच.

चाळीस मिनिटं कमी वाटली, तर एक सांगते. कंपनी एका बॅटरीवर अर्धा तास सांगते. वारा आणि परतीसाठी राखून ठेवायची बॅटरी धरली की हातात वीस-बावीस मिनिटं येतात. तुमच्या लग्नाच्या तयार फिल्ममध्ये ड्रोनचं चित्रण जेमतेम दोन-तीन मिनिटं असणार आहे. चाळीस मिनिटांतून ती सहज निघतील.

त्याचं चुकलं ते एवढंच की फटाक्यांत उडवणार नाही, हे त्याने सुपारी घेतानाच सांगायला हवं होतं. मी ते ॲडव्हान्स घेण्याआधी लिहून पाठवते. एक-दोन कामं त्यामुळे हातची जातात. जाऊ देत.

आणखी एक विचारते. कार्यालय गोकुळ शिरगावच्या बाजूचं होतं का? तो भाग उजळाईवाडीच्या विमानतळाला लागून आहे. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत नकाशावर लाल पट्टा असतो. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. पाच ते आठ किलोमीटर पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत चालतं आणि त्याच्या बाहेरच्या हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत. हा नकाशा सरकारने सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कार्यालय बुक करतानाच बघून घ्यावा. लाल पट्ट्यात असेल तर ‘बघू, जमवू’ म्हणणारा पायलट नको आणि तसं म्हणायला लावणारा फोटोग्राफरही नको.

प्रश्न : गुहागर तालुक्यात ‘सी व्ह्यू’ प्लॉट म्हणून जाहिरातीतला ड्रोन व्हिडिओ बघून बुकिंग केलं. व्हिडिओत प्लॉटच्या मागे अख्खा समुद्र दिसतो. प्रत्यक्ष गेलो तर समोर आंब्याची झाडं आणि टेकाड. एजंट म्हणतो, व्हिडिओ खरा आहे, एडिट केलेला नाही. — डोंबिवलीहून एक वाचक

एजंट खरं बोलतोय, हीच तर गंमत आहे.

दीड मीटरवरच्या डोळ्यांना, मधे काही आडवं नसेल तर, क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. शंभर मीटर वर गेलात की तेच छत्तीस किलोमीटरच्या आसपास जातं. शिवाय टेकाड, आंबा, सुरूची बनं, सगळं पायाखाली जातं. कोकणातल्या कुठल्याही सड्यावरून ड्रोन पुरेसा वर चढवा, समुद्र दिसतोच. तुम्ही प्लॉट जमिनीवर घेतला आहे. बंगला बांधून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहिलात तर डोळे पाच मीटरवर येतील.

यात लेन्सचीही करामत असते. नव्या ड्रोनमध्ये दोन-तीन लेन्स असतात. लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून, मागे सरकत चित्रण केलं की तीन किलोमीटरवरचा समुद्र कुंपणाला टेकल्यासारखा येतो. चित्र खोटं नाही, अंतर खोटं आहे.

अशी कामं मलाही येतात. फोनवर पहिलं वाक्य असतं, ‘मॅडम, समुद्र आला पाहिजे.’ मी म्हणते, येईल, पण व्हिडिओच्या कोपऱ्यात उंची लिहीन. त्यावर बहुतेक जण ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मूळ फाइल मागा. बऱ्याच ड्रोनमध्ये चित्रणासोबत सबटायटलची एक छोटी फाइल तयार करता येते. तिच्यात प्रत्येक क्षणाची उंची आणि अक्षांश-रेखांश असतात. मात्र त्यातली साधी उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते, प्लॉटच्या जमिनीपासून नाही. शेजारच्या टेकाडावर उभं राहून उडवला असेल तर आकडा वीस मीटर दाखवेल आणि प्लॉटपासून तो साठ मीटरवर असेल. म्हणून अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून उडवल्याची जागा बघा.

बुकिंगचे पैसे परत मिळतील का, हे तुमच्या पावतीवर आणि माहितीपत्रकावर काय छापलंय त्यावर ठरेल. ‘सी व्ह्यू’ हे शब्द लेखी असतील तर त्या कागदासकट राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि वकिलालाही एकदा कागद दाखवा. ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत त्यांनी स्वतः एक पायलट गाठावा आणि त्याला तीनच गोष्टी सांगाव्यात : प्लॉटच्या खुंटीजवळूनच उडव, पाच मीटरवर थांब, आणि न कापता एक पूर्ण गिरकी घे. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जुना २४९ ग्रॅमचा ड्रोन स्वस्तात मिळतोय. लायसन्स लागत नाही म्हणे. लग्नाच्या ऑर्डरी घेऊ का? — बारामती

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन २०२१च्या ड्रोन नियमांत ‘नॅनो’ गटात येतो आणि त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, हे खरं. पण तो विकणाऱ्याने बॅटरी कुठली दिलीय ते बघ. या ड्रोनना जास्त वेळ उडणारी मोठी बॅटरी मिळते. ती बसवली की वजन २५० ग्रॅमच्या वर जातं. पंख्यांभोवतीची जाळी बसवली तरी तेच. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघ. २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोच्या आत ‘मायक्रो’. मायक्रो हौसेसाठी उडवलास तर सर्टिफिकेट नको, पैसे घेऊन उडवलास तर हवं. नोंदणी क्रमांक आणि तिसऱ्या पक्षाचा विमाही आला. सर्टिफिकेटला दहावी पास आणि १८ ते ६५ वय लागतं, मान्यताप्राप्त संस्थेत शिकावं लागतं, आणि ते दहा वर्षं चालतं.

वजन काहीही असलं तरी लाल-पिवळ्या पट्ट्यांतून सुटका नाही. तुझ्या गावावर तर विमान शिकणाऱ्यांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात, तुला सांगायला नको.

जुना ड्रोन घेतोस तर त्याचं बिल माग. ९ फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढाच अपवाद. सुट्या भागांवर बंदी नाही. तरी बाजारात नवीकोरी परदेशी पेटी मिळते. ती कुठून आली हे विकणारा सांगत नाही, आणि बिघडल्यावर सेवा केंद्रवाला नेमकं तेच विचारतो.

लग्नाच्या ऑर्डरी मात्र एवढ्यात घेऊ नकोस. आधी मोकळ्या माळावर उडव. घारी कशा झडप घालतात ते बघ, विजेच्या तारा स्क्रीनवर दिसत नाहीत हे बघ, लोखंडी मांडवाजवळ होकायंत्र कसं भरकटतं ते बघ. दुसऱ्याच्या लग्नात शिकू नये.

प्रश्न : लग्नाला सहा महिने झाले. ड्रोनचं मूळ फुटेज मागितलं तर फोटोग्राफर म्हणतो, कॉपीराइट माझा. वर माझ्या हळदीचा ड्रोन शॉट त्याच्या इन्स्टाग्रामवर आहे. — नववधू, नाशिक

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्याची पहिली मालकी करून घेणाऱ्याची. म्हणजे तुझी, किंवा ज्यांनी पैसे दिले त्यांची. आमच्या धंद्यातल्या अनेकांना हे माहीत नसतं, आणि माहीत असलेले सांगत नाहीत. तेव्हा आधी तुम्ही सही केलेला कागद काढून बघ. त्यात ‘हक्क स्टुडिओचे’ अशी बारीक ओळ असेल तर गोष्ट बदलते. नसेल तर इन्स्टाग्रामवरून काढायला लेखी सांग. तो काढेल.

मूळ फाइल देणं हा मात्र कराराचा प्रश्न आहे. फोर-केमध्ये, चांगल्या दर्जावर, एका मिनिटाला सुमारे पाऊण जीबी लागतो. चाळीस मिनिटांचे तीस. सीझनला एवढं किती दिवस सांभाळायचं, हे कुणी ठरवलेलं नसतं आणि मग हार्ड डिस्क पुढच्या लग्नासाठी रिकामी होते. सहा महिन्यांनी ते त्याच्याकडे असेलच असं नाही. असेल तर हार्ड डिस्क स्वतः घेऊन जा. आणि घरी लावल्यावर घाबरू नकोस : मूळ चित्रण फिकट, राखाडी असतं. रंग नंतर भरायचे म्हणून तसं घेतात. माझ्याकडून फाइल नेलेल्या एका सासूबाईंनी ‘आमची पैठणी धुवून टाकली’ म्हणून फोन केला होता.

आणखी एक बारकावा. पुष्कळदा ड्रोनवाला फोटोग्राफरचा माणूस नसतो, त्या दिवसापुरता बोलावलेला असतो. तो संध्याकाळी कार्ड उतरवून देतो आणि स्वतःच्या पैशांसाठी पुढचे दोन महिने फोन करत बसतो. एक प्रत त्याच्याकडे राहिलेली असू शकते. त्याला विचार. त्याचे पैसे पोचलेत का, तेही विचार.

प्रश्न : मी रिसॉर्टचं चित्रण करायला संध्याकाळी ड्रोन उडवला आणि पन्नास-साठ लोकांनी गाडीला गराडा घातला. सर्टिफिकेट दाखवलं, कुणी बघितलं नाही. — पायलट, जुन्नर तालुका

बघणार कसे? २०२४च्या पावसाळ्यात तुमच्याच भागात, शिरूर-आंबेगावपर्यंत, रात्री ड्रोन फिरतात आणि मागोमाग चोऱ्या होतात, या धास्तीने गावंच्या गावं जागत होती. त्यातलं खरं किती, अफवा किती, हे बाजूला ठेवा. आधीच बिबट्याची भीती असलेल्या गावात अंधारात लुकलुकणारा दिवा दिसला तर लोक काठ्या घेऊनच येणार. मीही आले असते.

माझी रीत अशी : आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना फोन, पोलीस ठाण्यात एक अर्ज, त्याची पोच मोबाइलमध्ये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली मनाई आदेश लागू आहे का, हेही तिथेच कळतं. मुंबई-पुण्यात असे आदेश वारंवार निघतात आणि नकाशावर हिरवा पट्टा असला तरी तेच लागू होतात. गावात गेल्यावर उडवायच्या आधी चार पोरांना जवळ बोलवून स्क्रीन दाखवायची. पाच मिनिटांत ती पोरंच गर्दी आवरतात. आणि अंधार पडायच्या आत खाली. रिसॉर्टवाल्याला दिवे लागलेले हवे असतात, मला माहीत आहे. सूर्य मावळल्यावरची दहा मिनिटं त्याला पुरतात.

शेजारच्यांच्या अंगणावरून, गच्चीवरून ड्रोन जाणार असेल तर त्यांना सांगायचं. न सांगता कुणाच्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर थांबलात तर काठ्या खाल्ल्या तरी माझ्याकडून सहानुभूती नाही.

प्रश्न : भावकीत बांधाचा वाद आहे. ड्रोनने मोजून फोटो कोर्टात लावला तर चालेल का? — माढा

मोजणी म्हणून नाही. हद्द कायम करायची ती भूमी अभिलेखची मोजणी. सरकारने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून ड्रोनने मोजणी केली, तीच पुढे २०२०च्या स्वामित्व योजनेत आली, पण ती गावठाणातल्या घरांची, शेताची नव्हे. आणि ती भारतीय सर्वेक्षण विभागाची यंत्रणा. माझ्या लग्नाच्या ड्रोनचं जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतं. तुमचा वाद बहुधा दोन फुटांचा असेल. बांध कोरलाय, झाड तोडलंय, हे दाखवायला फोटो जरूर काढा, तारखेसकट. वकील तो कसा लावायचा ते बघतील.

प्रश्न : हर्णै बंदरातून होडीत बसून प्री-वेडिंग करत होतो. पहाटेची वेळ. बॅटरी कमी झाली होती, पण ‘अजून एकच राउंड, किल्ला मागे घ्या’ म्हणून मुलाने आग्रह धरला. ड्रोन आपोआप परतीला लागला आणि होडीपासून लांब, पाण्यात उतरला. मुलगा एक रुपया द्यायला तयार नाही. निम्मी नुकसानभरपाई मागू का? — पायलट, दापोली

मागू नकोस, दादा. मिळणार नाही आणि मिळायलाही नको.

परतीचं बटण ड्रोनला उडाला त्या जागी आणतं. तुझी होडी तिथून पुढे गेली होती. ड्रोनने सांगितलेलं काम चोख केलं. होडीवरून उडवताना होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परतायची जागा, सारखा बदलत राहायचा किंवा आपोआप परतणं बंद ठेवून हाताने आणायचा, आणि झेलायला एक माणूस ठेवायचा. त्यात वेळ पहाटेची. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. जाताना ड्रोन मजेत जातो, येताना वाऱ्याला छाती लावून येतो आणि बॅटरी दुप्पट खातो. हे त्या नवऱ्या मुलाला माहीत असायचं कारण नाही. त्याने आग्रह धरायचा असतो, त्याचे ते दिवसच आहेत. रिमोट तुझ्या हातात होता.

विम्याचं म्हणशील तर सक्तीचा असतो तो तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे दुसऱ्याचं डोकं फुटलं तर. स्वतःच्या ड्रोनचा वेगळा काढावा लागतो आणि पाण्यात बुडालेला त्यात धरतात का, हे सही करायच्या आधी वाचावं लागतं.

खरा घोळ पुढे आहे. कार्ड ड्रोनबरोबर गेलं, म्हणजे त्याच्या हातात काही नाही. तेव्हा ॲडव्हान्स परत कर किंवा शूट पुन्हा करून दे. दुसरं बरं. इथून पुढे दर बॅटरीला कार्ड बदल.

पुन्हा करशील ते किनाऱ्यावरून, दुपार कलल्यावर, खारे वारे सुटले की. मग वारा ड्रोनला तुझ्याकडे ढकलेल. सुवर्णदुर्ग मागे हवा असेल तर लांबूनच घे, किल्ल्यावर नेऊ नकोस. तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला आहे, शिवाय जुलै २०२५पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिथे लेखी परवानगी लागते, आणि ती प्री-वेडिंगसाठी मागायला गेलास तर काय ऐकून येशील, ते मला जरूर कळव.